दुभाष्याचे पद

माणूस देश बदलतो, पोशाख बदलतो, परकी भाषाही शिकतो. दुःख मात्र तो बहुधा मातृभाषेतच भोगतो. ‘माझ्या काळजाचे पाणी झाले’ हे मराठी स्त्रीचे उद्गार शब्दशः भाषांतर होऊन परक्या डॉक्टरच्या कानी गेले, तर तो तिला हृदयरोगतज्ज्ञाकडे तरी पाठवील, नाही तर तिला भ्रम झाल्याची नोंद करील. भिन्न संस्कृतींतील रुग्णांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा निघाल्या त्या याच अडचणीतून. त्या चालविताना मात्र वैद्यकीय ज्ञानापेक्षा कारभाराचीच उणीव अधिक जाणवते.

कॅनडातील माँट्रियल हे स्थलांतरितांचे व निर्वासितांचे शहर. तेथील ज्यूइश जनरल हॉस्पिटलमध्ये मॅक्गिल विद्यापीठाचे डॉ. लॉरेन्स किर्मायर यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सांस्कृतिक सल्लासेवा सुरू झाली. अन्य डॉक्टरांनी पाठविलेल्या रुग्णाची मुलाखत दुभाषा आणि त्या समाजाच्या चालीरीती जाणणारा मध्यस्थ यांच्या साहाय्याने घ्यायची, सर्वांनी एकत्र बसून विचार करायचा आणि सल्ला मूळ डॉक्टरकडे धाडायचा, अशी ही पद्धती. पहिल्या १०० प्रकरणांचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सांस्कृतिक गैरसमजातून अपुरी तपासणी, चुकीचे निदान व अयोग्य उपचार झाल्याची उदाहरणे त्यात आढळली.

सेवेची गरज अशी स्पष्ट असताना अडते कोठे? एका रुग्णामागे तीन-चार जाणकारांचा वेळ जातो. डोकी मोजून अनुदान देणाऱ्या कोणत्याही कारभाराला ही चैन वाटते. एखाद्या भाषेचा दुभाषा आज हवा असतो, मग महिनाभर नको असतो. म्हणून त्याचे पदच निर्माण होत नाही. मग ऐनवेळी रुग्णाच्या लहान मुलालाच पुढे केले जाते. पतीच्या मारहाणीची हकिकत आईने मुलाच्या तोंडून डॉक्टरला कशी सांगावी? उलटपक्षी, जमात लहान असली की दुभाषा ओळखीचाच निघतो आणि गुप्ततेच्या धास्तीने रुग्ण तोंड उघडत नाही.

प्रत्येक जमातीसाठी तिचेच डॉक्टर नेमावेत, असे कोणी सुचवील. परंतु भाषा एक असली तरी वर्ग, धर्म आणि प्रांत यांची अंतरे उरतातच. शिवाय वेगळी चूल मांडली की मुख्य रुग्णालय हात झटकण्यास मोकळे होते. म्हणूनच मूळ डॉक्टरला शहाणे करण्याची माँट्रियलची रीत आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, असे आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो. मुंबईत भोजपुरी बोलणारा मजूर आणि नंदुरबारमध्ये पावरी बोलणारी स्त्री यांच्यापर्यंत हे कलम पोहोचवायचे, तर त्यांची भाषा जाणणारा, प्रशिक्षित आणि गुप्ततेने बांधलेला माणूस दवाखान्यात हवा. औषधांसाठी तरतूद होते, तशीच त्याच्या वेतनाचीही अंदाजपत्रकात झाली पाहिजे.