शोधयात्रांचे श्रेय: एक खंडन, एक मंडन

पंधराव्या-सोळाव्या शतकांत मूठभर धाडसी दर्यावर्दींनी जगाचा शोध लावला आणि त्यांचे पाऊल पडेपर्यंत ते ते प्रदेश अंधारात होते, हे मत शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नसंचांपर्यंत पक्के रुजले आहे. त्याच्या उलट टोकाचे मत अलीकडे जोरात मांडले जाते. ते असे की, इथल्या लोकांना सारे आधीपासून ठाऊकच होते, बाहेरून आलेल्यांनी लूट तेवढी केली, नवे काहीच केले नाही. तिसरे एक मत कोणी लिहीत नाही, पण मनात सगळेच धरून असतात. शोधयात्रा ही समुद्राकाठची गोष्ट. मारेगाव, वणी, झरी जामणी अशा, किनाऱ्यापासून शेकडो कोस आत असलेल्या मुलखाचा तिच्याशी काय संबंध? ही तिन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पहिल्या मताचा सगळा भार वास्को द गामावर आहे. तो ८ जुलै १४९७ रोजी चार गलबते आणि सुमारे १७० माणसे घेऊन लिस्बनहून निघाला. आफ्रिकेला वळसा घालून तो पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरात आला, तेव्हा पुढची वाट त्याच्या ताफ्यात कुणालाच माहीत नव्हती. मालिंदीच्या सुलतानाने त्याला एक वाटाड्या दिला. नंतरच्या पोर्तुगीज इतिहासकारांनी हा वाटाड्या गुजरातचा मुसलमान असल्याचे लिहिले आहे. प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद याचे नाव पुढे त्याला चिकटले, पण संशोधकांनी ते मान्य केलेले नाही. २४ एप्रिल १४९८ रोजी ताफ्याने नांगर उचलला, २३ दिवस उघडा समुद्र कापला आणि २० मे रोजी तो कालिकतसमोर उभा राहिला. तिथे किनाऱ्यावर पाठवलेल्या पोर्तुगीज माणसाची पहिली गाठ पडली ती ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी, आणि त्यांना चक्क स्पेनची भाषा येत होती. ज्या बंदराचा ‘शोध’ लागला असे म्हणतात, तिथे भूमध्य समुद्राकाठची माणसे आधीच पेढ्या मांडून बसली होती.

याहून बोलका पुरावा परतीच्या प्रवासाचा आहे. वास्कोने ऑगस्टच्या अखेरीस कालिकत सोडले, किनाऱ्याने वर सरकत तो गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर थांबला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने आफ्रिकेकडे तोंड वळवले. नैर्ऋत्येचा वारा ओसरला होता, ईशान्येचा अजून धरला नव्हता. मालिंदीचा वाटाड्या सोबत नव्हता आणि वाऱ्याचे वेळापत्रक सांगणारे कोणी नव्हते. येताना जे अंतर २३ दिवसांत कापले गेले, त्याला जाताना जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, अंगाला सूज येऊन सुमारे ३० खलाशी वाटेतच मेले. गलबते हाकायला माणसे पुरेनात म्हणून एक गलबत जाळून टाकावे लागले. समुद्र तोच, कप्तान तोच आणि गलबतेही तीच. नव्हता तो वाटाड्या. त्याचे नाव मात्र त्या सफरीच्या रोजनिशीत लिहिलेले नाही.

हा प्रकार पहिलाच नव्हता. मोसमी वाऱ्यांचा शोध हिप्पालस नावाच्या ग्रीक नाविकाने लावला, असे जुन्या ग्रीक-रोमन लिखाणात येते. पण स्ट्रेबोने नोंदवलेली हकिगत वेगळे सांगते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या काठी जहाज फुटलेला एक भारतीय खलाशी अर्धमेल्या अवस्थेत सापडला. त्याला अलेक्झांड्रियाला राजापुढे नेले, ग्रीक शिकवले आणि मग त्यानेच युडॉक्सस नावाच्या माणसाला भारताची वाट दाखवली. युडॉक्ससचे नाव राहिले, खलाशाचे गेले. त्यानंतर दोनएकशे वर्षांत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवाटेच्या पुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल ही कोकणची बंदरे आहेत. घाटावरचे पैठण आणि तेर आहे. तिथून गाड्यांनी भडोचला उतरणारा माल आहे. दहाव्या शतकात अल-मसुदी चौलला येऊन गेला. रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन वास्कोच्या जवळजवळ तीस वर्षे आधी चौललाच उतरला आणि विकायला आणलेल्या एका घोड्यासह जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. त्याच्या मागे राजा नव्हता, तोफा नव्हत्या, म्हणून त्याला कोणी शोधक म्हणत नाही. अंधारात असलेल्या देशाचा शोध लागला हे पहिले मत इथेच कोसळते.

मात्र ते कोसळले म्हणून दुसरे मत आपोआप उभे राहत नाही. ‘सारे ठाऊक होते’ असे म्हणताना ते कुणाला ठाऊक होते, हे विचारावे लागते. कोळी तांडेलाला आपल्या खाडीतला खडक न खडक माहीत होता. पैठणच्या व्यापाऱ्याला भडोचची वाट माहीत होती. मालिंदीच्या वाटाड्याला वारे माहीत होते. पण हे ज्ञान ज्याचे त्याच्यापाशी होते. बापाकडून पोराकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे ते जाई आणि घराणे बुडाले की तेही बुडे. लिस्बनपासून कालिकतपर्यंत पाणी सलग आहे, ही गोष्ट १४९८ पूर्वी ना लिस्बनला खात्रीने ठाऊक होती ना कालिकतला. मराठेशाहीतल्या मोडी अक्षरांच्या नकाशांत किल्ले, नद्या आणि वाटा ठळक आहेत, पण ते एका मापाने काढलेले नाहीत, आणि कोस तर मुलुखागणिक बदलत होता. दोन नकाशे शेजारी ठेवून जोडता येत नसतील, तर ते कितीही बारकाईचे असले तरी त्यांतून देश उभा राहत नाही.

जोडता येईल अशी नोंद करणे, हे काम आलेल्यांनी केले. याचे मराठी किनाऱ्यावरचे सर्वांत चांगले उदाहरण वास्को नसून पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रो हा आहे. १५३८-३९ साली तो गोव्याहून दीवला आरमारासोबत गेला आणि वाटेतल्या बंदरांची वर्णने, चित्रे व मोजमापे यांचे एक पुस्तकच त्याने तयार केले. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून कुठे किती ढळते याच्या नोंदी तो ठेवत असे. वसईच्या परिसरात सुई अचानक भलतीकडे वळू लागली, तेव्हा त्याने तो दोष यंत्रावर न टाकता जवळच्या खडकांवर ठेवला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहचुंबकी खनिज असते हे आज भूगोलाचा विद्यार्थी शिकतो. कास्त्रोने ते सुईच्या हालचालीवरून ताडले होते. अशा माणसाला लुटारूंच्या रांगेत उभे करून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लूट झाली नाही असेही नाही. वास्कोनेच १५०२ च्या दुसऱ्या सफरीत हज यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले आणि पोर्तुगीजांनी पुढे स्वतःचा परवाना नसलेली जहाजे समुद्रावर पकडायला सुरुवात केली. नोंद आणि लूट एकाच गलबतातून आली. एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

आता तिसरे मत. मारेगावच्या उत्तरेला वर्धा नदी आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. नदी ही दोन राज्यांची सरहद्द झाली. या सरहद्दीच्या पलीकडे, भोसल्यांच्या हद्दीत, वेणा नदीकाठचे हिंगणघाट होते. २० जानेवारी १८२३ रोजी तिथे विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी मरण पावला. सत्तरीच्या घरातला हा माणूस हैदराबादहून नागपूरला आपले ठाणे हलवत होता. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. कोलंबस आणि कुक यांच्या पंक्तीत त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. पण पृथ्वीचा आकार नेमका किती चपटा आहे, हे ठरवायला निघालेली त्याची सफर कोणत्याही जलप्रवासापेक्षा लहान नव्हती.

काम १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुरू झाले. साडेसात मैलांची एक सरळ रेघ जमिनीवर मोजायची होती. त्यासाठी शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत, तिवयांवर ताणून ठेवली जाई. ऊन चढले की पोलाद वाढते, म्हणून शेजारी उष्णतामापक ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती करावी लागे. साखळी ४०० वेळा मांडली गेली आणि ही एक रेघ ५७ दिवसांत पुरी झाली. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घेतला की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू कागदावर काढता येतात, मग जमीन मोजावी लागत नाही. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण, त्यांवर आणखी पुढचे. कोन मोजण्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून ते आदळले, तेव्हा लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत ते स्वतः दुरुस्त केले.

या मोजणीचे राजकारण लपवण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीला भोसले इंग्रजांपुढे हरले नसते, तर पाच वर्षांत त्रिकोणांची ही साखळी नागपूरच्या वाटेला लागली नसती. पण मोजणीच्या माणसांनी किंमतही मोजली. उन्हाळ्याच्या धुरळ्यात लांबची टेकडी दिसत नाही. पावसाने हवा धुतली की पन्नास मैलांवरचे निशाण स्पष्ट दिसते. म्हणून काम पावसाळ्यात, म्हणजे नेमके हिवतापाच्या दिवसांत करावे लागे. लॅम्बटनचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ साली कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात शिरला आणि त्याची सगळी तुकडी तापाने लोळली; कित्येक माणसे मेली. वर्धा-पैनगंगेच्या दुआबात पावसाळ्यातले दुखणे काय असते, ते तिथल्या लोकांना निराळे सांगायला नको. मेलेले बहुतेक जण निशाणे धरणारे, साखळी ओढणारे, झाडे तोडून वाट करणारे देशी लोक होते. लॅम्बटनला कबर मिळाली. त्यांची यादीही मिळत नाही.

श्रेयाचा खरा गोंधळ ही मोजणी पुढे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर झाला. हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची निरीक्षणे मैदानातल्या वेगवेगळ्या ठाण्यांवरून घेतली होती. त्यांवरून गणित करून १८५० च्या सुमारास त्याची उंची २९,००२ फूट ठरली. त्या गणितखात्याचा मुख्य बंगालचा राधानाथ सिकदार होता. शिखराला नाव मात्र तोवर निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेल्या एव्हरेस्टचे दिले गेले, तेही त्याने स्वतः हरकत घेतली असताना. यावर उपाय म्हणून शिखराला सिकदारचे नाव द्यावे अशी सूचना अधूनमधून होते. ती चुकीची आहे. शिखर तिबेटी लोकांना चोमोलुंगमा या नावाने आधीच ठाऊक होते, निरीक्षणे इतरांनी केली होती, गणित सिकदारच्या हाताखालच्या अनेकांनी केले होते. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस बसवल्याने ‘शोध एकटा माणूस लावतो’ ही मूळ चूक तशीच राहते. पिथोरागडकडचा नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये जपमाळेचे मणी ओढत, पावले मोजत ल्हासापर्यंत गेला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. इतका न्याय त्या काळीही करता येत होता.

वणी-मारेगाव पट्ट्याला याहून जवळचा पुरावा पायाखाली आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातल्या ह्यूजने वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा आपला अहवाल १८७७ साली छापला. तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा ‘वणी जिल्हा’ या नावाने वऱ्हाडात होता, आणि ते नाव १९०५ पर्यंत राहिले. पलीकडच्या चांदा भागात लोहारा इथल्या खनिजावर देशी भट्ट्या भूवैज्ञानिक येण्याआधीपासून पेटत होत्या. लोखंड कुठे आहे हे भट्टीवाल्याला माहीत होते. कोळशाचा थर किती जाड, तो कोणत्या दिशेला उतरतो, नदीखालून पुढे कुठे निघतो, हे अहवालाने सांगितले. वणी परिसरातल्या आजच्या खाणी या दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर उभ्या आहेत. पहिल्या प्रकारची माहिती नसती तर पाहणीवाल्यांना कुदळ कुठे मारावी हे कळायला आणखी कितीतरी वर्षे लागली असती.

तेव्हा मांडायचे ते इतकेच. शोधयात्रा म्हणजे कोरी जमीन पहिल्यांदा पाहणे नव्हे. ठिकठिकाणच्या माणसांपाशी विखुरलेली माहिती एका मापात बसवून, कुणालाही पडताळता येईल अशा नोंदीत आणणे हे तिचे काम आहे. माहिती पुरवणारा तांडेल, वाटाड्या, निशाणवाला, भट्टीवाला आणि ती मापात बसवणारा कास्त्रो किंवा लॅम्बटन हे तिचे सारखेच मालक आहेत. इतिहासाच्या पुस्तकात दोघांपैकी एकालाच जागा देणे, मग तो कोणताही असो, ही चूक आहे.

शाळांना हे शिकवायला मोठी सामग्री लागत नाही. दहावीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहेच. मारेगाव-वणीच्या शिक्षकांनी मुलांना वर्धेच्या काठावर न्यावे, शंभर फुटी टेपने काठावर एक रेघ मोजावी, दोन्ही टोकांवरून पलीकडच्या एकाच झाडाचे कोन घ्यावेत आणि पाण्यात पाय न घालता नदीची रुंदी काढावी. मग नाव चालवणाऱ्या कोणा भोयाला तीच रुंदी विचारावी, आणि दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.