साहेब सुटतो, आपला माणूस सही करतो



कांद्याला पाणी धरलं होतं, निम्मे वाफे भिजले अन् लाईट गेली. म्हणून आळंदी फाट्यावर चहाला गेलो. तिथं विषय निघाला शिकारीच्या केसांचा. एक जण म्हणाला, "पैसा पाहिजे फक्त. हरीण मारा, बिनपरवाना बंदूक ठेवा, मोठा वकील केस मागं घेतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाय हलवली. का, ते इथं लिहितो.

पहिली गोष्ट. आरोपीचा वकील केस मागं घेऊच शकत नाही. खटला मागं घ्यायचा अर्ज सरकारी वकील करतो, अन् त्यालाही कोर्टाची परवानगी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. आपण ज्याला "केस मागं घेतली" म्हणतो ते बहुतेक वेळा निर्दोष सुटणं असतं. अन् माणूस सुटतो तो कच्च्या कागदामुळं.

सलमान खानचंच घ्या, चहाच्या टपरीवर त्याचंच नाव निघतं. १९९८ साली जोधपूरकडं शूटिंगला गेला असताना त्याच्यावर चार केसा झाल्या. चिंकारा हरणाच्या दोन केसांत खालच्या कोर्टानं शिक्षा दिली होती, पण जुलै २०१६ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सोडलं. कारण काय? जीपमध्ये सापडलेले छर्रे त्याच्याच बंदुकीचे, हे सिद्ध झालं नाही. अन् ज्या ड्रायव्हरच्या जबाबावर केस उभी होती, त्याची उलटतपासणी बचावाच्या वकिलाला करताच आली नव्हती. परवाना संपलेल्या हत्यारांच्या केसमध्ये जानेवारी २०१७ ला संशयाचा फायदा मिळाला.

आता चौथी केस बघा. कांकाणी गावातली, दोन काळविटांची. तिथं बिष्णोई गावकरी रात्री गाडीमागं धावले, तक्रार दिली, अन् वीस वर्षं जबाबावरनं हलले नाहीत. ५ एप्रिल २०१८ ला त्याच माणसाला ५ वर्षांची शिक्षा झाली. दोन दिवसांत जामीन झाला अन् अपील झालं, ते खरं. पण पैसा तोच होता, वकीलही तसेच मोठे होते. फरक साक्षीदारांत होता.

मग वकील करतो काय? कागदातली भोकं शोधतो. हत्यार कायद्याच्या कलम ३ खाली खटला भरायचा तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती आहे का बघतो. वन्यजीव कायद्याच्या केसमध्ये कोर्टापुढं तक्रार नेमलेल्या अधिकाऱ्यानंच दिली का, हे बघतो. मांस जप्त केलं तर सील कधी लागलं, प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं, पंच खरंच जागेवर होते का, हे विचारतो. हे विचारणं गुन्हा नाय. हे विचारलं नसतं तर उद्या कुणीही आपल्या गोठ्यात चार किलो मटण टाकून आपल्याला आत घालील.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. हे प्रश्न विचारणारा माणूस आपल्या शेतकऱ्याला मिळतच नाही.

तालुक्याच्या पश्चिमेला माझे एक नातेवाईक आहेत. गावाचं नाव लिहीत नाही. भुईमुगात रानडुकरं रोज रात्री नांगरट करायची. त्यांनी बांधाला तारेचा फास लावला, त्यात एक डुक्कर मेलं. दुसऱ्या दिवशी विचारायला माणसं आली. अण्णांनी तिथल्या तिथं सांगितलं, "व्हय, मीच लावला." कागद पुढं आला, न वाचता सही केली. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पण वनखात्याचा माणूस म्हणजे पोलीस नव्हे. त्याच्यापुढं दिलेला जबाब अंगावर येऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं तारखा, वकिलाची फी, एक गाय विकली.

मी फासाची बाजू घेत नाही. फासात बिबट्याही अडकतो. अन् तारेत करंट सोडणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्यात मरतो. ते पीकसंरक्षण नाय, तो मनुष्यवध आहे.

पण कायद्यात आपल्यासाठी जे लिहिलंय ते आपल्याला कोण सांगतं? वन्यजीव कायदा १९७२, कलम ११: रानडुक्कर उभ्या पिकाला धोका असंल तर लेखी परवानगी मागता येते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं, अन् आपण त्या वेळी दुसरा गुन्हा करत नसलो, तर तो गुन्हा धरत नाहीत. पण पीक वाचवताना मारलं तर ही सूट नाही, हे ध्यानात ठेवा. हत्यार कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, त्याला किमान ३ वर्षं, अन् तिथं दंड भरून तडजोड होत नाही.

कृषी खात्यातले अन् कृषी विद्यापीठातले साहेब लोक हे पेज वाचतात, म्हणून त्यांना विचारतो. शेतीशाळेत तुम्ही आम्हाला लष्करी अळीवर दोन तास शिकवता. परवानगीच्या अर्जावर दहा मिनिटं का नाही? पिकाचं नुकसान किडीनंच होतं का?

अन् आपल्या लोकांना तीन गोष्टी सांगतो. खोटं बोलू नका, पण न वाचता सही करू नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, हे घटनेच्या कलम २० मध्ये आहे. अटक झाली तर उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो, १९८७ च्या कायद्यानं. फोन नंबर १५१००, घरातल्या पोरांच्या मोबाईलात घालून ठेवा. तिसरी गोष्ट, पंच म्हणून बोलावलं तर जागेवर जा, डोळ्यानं बघा, मगच सही करा. तुमच्या आंधळ्या सहीनं एकतर खरा शिकारी सुटतो, नाय तर गरीब अडकतो.

मोठ्याचा वकील बंद करा असं मी म्हणणार नाही. तसाच वकील अण्णांनाही पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

लाईट आली. राहिलेले वाफे भिजवायचेत. पटलं नसंल तर खाली लिहा, राग मानणार नाही.