विमान आपले, इंजिन परक्याचे

अहेरीहून आलापल्लीकडे निघाले की सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक भेटतात. धातूची एवढी संपदा ज्या भूमीच्या उदरात आहे, त्या देशाला आपल्या लढाऊ विमानाचे इंजिन मात्र अमेरिकेहून आणावे लागते, हे शल्य या रस्त्यावर अधिकच बोचते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. महाराष्ट्राचे या विमानाशी जवळचे नाते. नाशिकजवळ ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी. त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. ऊर अभिमानाने भरून यावा असा तो क्षण होता. परंतु अभिमान हा हिशेबाला पर्याय नव्हे.

वायुदलाला मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२; मिग निवृत्त झाल्यावर उरल्या २९. तेजस प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये, पहिले उड्डाण झाले २००१ मध्ये, आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. एका पिढीचे सारे आयुष्य यात सरले! ८३ मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. २०२४ पासून ती मिळावयाची होती. ते वर्ष कोरडेच गेले. या करारासाठीचे पहिले इंजिन अमेरिकी कंपनीने दिले तेच मुळी मार्च २०२५ मध्ये. अखेर मे २०२५ मध्ये वायुदलप्रमुख अमर प्रीत सिंग यांना मुदती न पाळण्याच्या सवयीविषयी जाहीरपणे बोलावे लागले. सेनाधिकारी सहसा असे बोलत नाहीत.

पोखरणनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा तेजसच्या कामातील साहाय्यही थांबविले होते. तो धडा आपण किती गिरवला? कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ चा. अपेक्षित जोर त्याने दिला नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. चीनही एकेकाळी रशियाच्याच इंजिनांवर विसंबून होता. आज त्याची पाचव्या पिढीची जे-२० विमाने स्वतःच्या इंजिनावर उडतात, आणि त्याचीच जे-१०सी विमाने २०२२ पासून पाकिस्तानच्या हाती आहेत.

आमच्या भागात कुणी विचारील की, भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराखाली जातो, तेथे या कोट्यवधींच्या विमानांचे काय कौतुक? प्रश्न रास्तच आहे, आणि तो केवळ वनवासी बांधवांनीच विचारावा असे नाही. पण निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथके पोहोचविणारी हेलिकॉप्टर्स याच जनतेने पाहिली आहेत. आकाशातील बळाचे मोल येथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते दिल्लीला: रस्त्याचा पैसा असो वा विमानाचा, विलंबाचा जाब कुणीतरी दिलाच पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसह नवे इंजिन घडविण्याची घोषणा झाली आहे. त्या इंजिनाच्या तप्त भागातील पात्यांचे धातुशास्त्र आपल्या अभियंत्यांच्या हाती पूर्णपणे येणार की नाही, आणि कोणत्या वर्षी, हे करारात लिहिले गेले पाहिजे. संसदेत हा प्रश्न आपल्या खासदारांनी विचारावा, आणि आपण त्यांना तो विचारावयास लावावे.