भावाची पँट

माझ्या भाचीनं भावाची पँट आणि शर्ट घालून बेळगावहून श्रवणबेळगोळपर्यंत सायकल चालवली, यावर आमच्या महिला मंडळात पाऊण तास चर्चा झाली. सायकलवर पाच मिनिटंसुद्धा झाली नाही. धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत सुमारे साडेचारशे किलोमीटर पोरगी एकटी गेली. सहा दिवस लागले. रोज सूर्यास्ताआधी जेवली, पाणी गाळून प्यायली, विंध्यगिरी चढून गोमटेश्वराचं दर्शन घेतलं आणि धडधाकट घरी आली. पण मंडळात विषय काय, तर तिनं केस बारीक कापले, छातीला घट्ट पट्टा बांधला आणि वाटेत कुणी 'अण्णा' म्हणून हाक मारली की ती 'ओ' देत होती!

एक अक्का म्हणाल्या, "पुरुषाचा वेष घेऊन यात्रा? ही फसवणूक झाली. सत्याणुव्रत कुठं राहिलं?" दुसऱ्या म्हणाल्या, "उद्या आमच्या पोरी हेच शिकतील की." मी त्या दिवशी गप्प बसले. गप्प बसण्याची सवय आहे आपल्याला. पण घरी आल्यावर जेवण जाईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी फसवणुकीचं बोलू. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आपल्याच समाजाच्या एका यात्रीनिवासात पोचली. व्यवस्थापकांनी वर मान करून बघितलं, वहीत स्वतःच 'पुरुष' लिहिलं आणि मोठ्या हॉलमधली एक खाट दाखवली. काही विचारलं नाही. पोरगी खोटं बोलत राहिली असती तर रात्रभर निवांत झोपली असती. पण तिनं सांगितलं, "काका, मी मुलगी आहे, मला वेगळी खोली द्या," आणि आधारकार्ड पुढं केलं. झालं! एकट्या बाईला खोली देत नाही, आणि वेष पालटून आलेलीला तर नाहीच. अंधार पडलेला, बाहेर हमरस्ता. समोरच्या चहाच्या टपरीवालीनं तिला आपल्या घरी नेलं, कांबळं दिलं. ती बाई आपल्या समाजाची नव्हती, हेही लिहून ठेवते.

म्हणजे तिला पुरुष समजले तोवर खाट होती. ती खरं बोलली आणि खाट गेली. आता सत्याणुव्रताचा हिशोब कुणी द्यायचा? समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात असं सांगितलं आहे, की ज्यानं विपत्ती ओढवेल ते सत्यसुद्धा श्रावकानं बोलू नये. एकट्या पोरीनं हमरस्त्यावर प्रत्येक ट्रकवाल्याला 'मी मुलगी आहे हो' असं ओरडून सांगावं, अशी कुठल्या आचार्यांची आज्ञा आहे? जिथं आपली माणसं आहेत असं वाटलं तिथं ती खरं बोलली. तेवढीच तिची चूक झाली.

हे आजकालचं फॅड आहे, असंही ऐकलं. फॅड असलंच तर सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. जून 1894 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून ॲनी कोपचोव्स्की नावाची तीन मुलांची आई जगप्रवासाला सायकलवर निघाली. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीनं जाहिरातीचे शंभर डॉलर दिले, म्हणून ती 'ॲनी लंडनडेरी' झाली. निघाली तेव्हा अंगात लांब झगा आणि आत कॉर्सेट, आणि सायकल 42 पौंडांची, म्हणजे एकोणीस किलोची. त्या वेषात शिकागोपर्यंत येतायेताच जीव मेटाकुटीला आला. तिथं तिनं 21 पौंडांची पुरुषांची सायकल घेतली आणि झगा टाकून ब्लूमर्स घातले. पुढं तर सरळ पुरुषांचा सायकलीचा पोशाखच चढवला. बरंच अंतर तिनं जहाजानं काटलं, गप्पाही पुष्कळ मारल्या. हिंदुस्थानात वाघ मारले म्हणून सांगायची. पण सप्टेंबर 1895 मध्ये ती शिकागोला परत पोचली, हे खरं. आणि कपडे बदलल्याशिवाय ती पोचली नसती, हेही खरं.

यात तत्त्वज्ञान थोडं आणि साखळी जास्त आहे. पुरुषांच्या सायकलला वरून आडवा दांडा असतो, झग्यानं किंवा साडीनं त्यावर टांग टाकता येत नाही. म्हणून दांडा काढून 'लेडीज सायकल' केली. चाकाला जाळी लावली, साखळीला डबा लावला. बाईचे कपडे बदलायचे नाहीत म्हणून अख्खं यंत्र बदललं! तरी ओढणी चाकात जातेच. माझी गेली होती, कॉलेजच्या वाटेवर. हनुवटीवरची खूण अजून आहे. त्यानंतर घरच्यांनी ओढणी ठेवली आणि सायकल विकली.

खोली नाकारण्याचीही परंपरा जुनी आहे. 1898 साली इंग्लंडात सरे परगण्यातल्या ओकम गावी लेडी हार्बर्टन नावाची बाई सायकलवरून एका हॉटेलात गेली. अंगात झग्याऐवजी ढगळ विजार. मालकिणीनं तिला चांगल्या दालनात बसू दिलं नाही, गुत्त्याच्या बाजूची खोली दाखवली. मालकीणही बाईच होती, हे विसरू नका. सायकलवाल्यांच्या क्लबानं 1899 मध्ये खटला भरला आणि हरला. दुसरी खोली देऊ केली होती ना, मग नकार कसला, असं ज्यूरीला वाटलं. आपल्या यात्रीनिवासात दुसरी खोलीही देऊ केली नाही.

आता संस्कृतीचं. बालगंधर्व नऊवारी नेसून रंगमंचावर आले तर आपल्या आज्या त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. पुरुषानं लुगडं नेसलं की कला, आणि बाईनं पँट घातली की फसवणूक, हे गणित मला सुटत नाही.

शिवाय ती निघाली होती कुणाच्या दर्शनाला? ज्याच्या अंगावर एक धागा नाही, त्या बाहुबलीच्या. हजार वर्षांहून अधिक काळ सत्तावन्न फुटांची ती मूर्ती उन्हापावसात उघडी उभी आहे, आणि आपण खाली कपड्यांवरून भांडतो आहोत! त्याच डोंगरावरची गुळ्ळकायज्जीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चामुंडरायाचे घडेच्या घडे दूध ओतूनही अभिषेक मूर्तीच्या पायापर्यंत पोचेना. मग एक गरीब म्हातारी फळाच्या करवंटीत चमचाभर दूध घेऊन आली आणि मूर्ती न्हाली. ती म्हातारी म्हणजे वेष पालटून आलेली कूष्मांडिनी देवी, असं आपणच सांगतो. तिची मूर्ती तिथं आहे, आपण नमस्कार करतो. तिला कुणी फसवी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

बाई आणि कपडे हा वाद आपल्या धर्मात कालचा नाही. बाईला वस्त्रत्याग करता येत नाही, म्हणून स्त्रीदेहातून मोक्ष नाही, असं आपली दिगंबर परंपरा मानते. मी काही पंडित नाही, त्या वादात निवाडा देणार नाही. पण याच मातीत यापनीय संघ होता. खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या कदंब ताम्रपटांत त्याचं नाव आहे. त्यांचे मुनी नग्न राहत आणि तरी स्त्रीला मोक्ष आहे असं म्हणत. नवव्या शतकात त्यांच्यातल्या शाकटायनांनी त्यावर एक प्रकरणच लिहिलं. परिग्रह वस्तूत नसून वस्तूवरच्या आसक्तीत आहे, हे तर आपल्या पाठशाळेतली पोरंही म्हणून दाखवतात. मग मला सांगा, त्या पँटीची आसक्ती कुणाला होती? भाचीनं घरी येताच ती धुऊन भावाला परत दिली. पाऊण तास धरून बसलो ते आपण.

पुरुष कपडे काढू शकतो म्हणून वरचढ, बाई काढू शकत नाही म्हणून खाली. आणि काढायचे नाहीतच, तर घालायचे कुठले तेही दुसऱ्यांनीच ठरवायचं! बाईच्या वाट्याला मग उरलं काय? इस्त्री?

ज्यांनी तिचं कौतुक केलं त्यांच्याशीही माझं भांडण आहे. "पोरगाच आहे हो आमचा!" असं म्हणत एका मावशींनी तिच्या पाठीवर थाप मारली. मावशी, ती पोरगा नाही. पोरगी म्हणून ती साडेचारशे किलोमीटर गेली. तो पट्टा तिनं हौसेनं बांधला नव्हता. चढावर श्वास पुरत नव्हता, रात्री सोडला की काखेत वळ दिसायचे. आईला काळजी वाटू नये आणि रस्त्यानं त्रास देऊ नये, म्हणून भरलेला तो कर होता. तिच्या भावानं कधी भरला नाही. 'मुलींनी असंच मुलगा होऊन जावं, सुरक्षित राहतं,' असा सल्ला आता काहीजणी देताहेत. म्हणजे रस्ता आहे तसाच राहणार, बाईनंच नाहीसं व्हायचं.

आल्यावर मी तिला विचारलं, सगळ्यात बरं काय वाटलं? मला वाटलं गोमटेश्वर म्हणेल. ती म्हणाली, "सहा दिवस मला कुणी बघितलंच नाही, मावशी. टपरीवर बसले, टायरची हवा तपासली, झाडाखाली आडवी झाले. कुणी बघितलं नाही. दादाला रोज असंच वाटत असेल, नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तिची आई स्वयंपाकघरात उठून गेली.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या सभेत मी दोन गोष्टी लेखी मांडणार आहे. आपल्या समाजाच्या प्रत्येक यात्रीनिवासात एकट्या बाईला खोली मिळाली पाहिजे, आधारकार्ड बघून, कपडे बघून नव्हे. आणि त्या टपरीवाल्या बाईचा सत्कार मंडळानं केला पाहिजे, निदान कांबळ्याच्या उपकाराइतका तरी.

पुढच्या वर्षी भाची कुंथलगिरीला निघणार आहे. काय घालून जाणार, ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. खोली रिकामी आहे का, तेवढं बघा.