नेमणुकीची खुर्ची
१८७६ साली सरकारने जोतीराव फुल्यांना पुणे नगरपालिकेवर नेमले. पुढे व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला: हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. त्यांचे कुणी ऐकले नाही, पण तो मुद्दा मांडायला सभेत कुणीतरी होते.

आज पुणे महापालिकेत निवडून येणाऱ्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडणुकीशिवाय, फुल्यांसारखे नेमले जाणाऱ्या स्वीकृत सदस्यांना तशी अट नाही. त्यांच्याकडे कायदा अनुभव मागतो, पक्ष मात्र या जागांवर बहुधा तिकीट हुकलेल्यांचे रुसवे काढतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३पासून याच शहरात आहे. रोज पहाटे ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बाईंचा अनुभव या कायद्यात का बसू नये? निदान नावे ठरण्याआधी अर्ज तरी मागवा, आणि निवडीची कारणे जाहीर करा.