नकाराचे बळ

दसरा सरला की मराठवाड्यातील तांड्यांवर आणि वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग आणि भोवतालचा तुळजापूर तालुका याला अपवाद नाही. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, चार भांडी, कोपीसाठी ताडपत्री आणि कडेवरचे मूल, एवढा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो व पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघतो. या स्थलांतरामागे दुष्काळ आहे, दारिद्र्य आहे, कोरडवाहू शेतीची दुरवस्था आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु त्या ट्रॉलीत बसलेल्यांपैकी किती जणांनी जाण्याचा निर्णय स्वतः घेतलेला असतो? अहवालांतून हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समाजवादी चळवळीने तो विचारणे अगत्याचे आहे.

ऊसतोडीचा व्यवहार ‘उचल’ या एका शब्दाभोवती फिरतो. हंगामापूर्वी मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो आणि त्या रकमेची फेड श्रमाने करावयाची असते. हिशेबाचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. उचल घेतो पुरुष, बोलणी करतो पुरुष, पैसा जातो पुरुषाच्या हाती. त्याच्या बरोबरीने मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी स्त्री या कराराचा निम्मा भार उचलते, पण करारात तिला स्थान नाही. मुलाला शाळेतून काढून नेण्याचे त्याच क्षणी ठरते, त्याला कोणी विचारत नाही. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिला फडावर न्यायचे, आजीजवळ ठेवायचे की लग्न लावून मोकळे व्हायचे, हेही त्याच रात्री ठरून जाते. म्हणजे एका उचलीने कामाचा, शाळेचा आणि घराचा असे तिन्ही निर्णय एकदम गहाण पडतात. काम, शिक्षण आणि कुटुंब यांतील व्यक्तीची स्वायत्तता हे तीन वेगळे विषय नाहीत, हे समजण्यास याहून स्पष्ट उदाहरण नको.

‘व्यक्तीची स्वायत्तता’ या शब्दांविषयी अनेक कार्यकर्त्यांच्या मनात अढी असते. ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आधी भाकरी द्या, मग स्वातंत्र्याच्या गोष्टी करा, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. महाराष्ट्रात या विचाराची मांडणी आगरकरांनी केली आणि ती पुढे बरीचशी सुशिक्षितांच्या घरगुती सुधारणेपुरती राहिली, ही वस्तुस्थिती या अढीमागे आहे. पण समाजवादाने हा विषय कधी परका मानला नव्हता. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सप्तक्रांतीची मांडणी केली तेव्हा आर्थिक समता, जातिनिर्मूलन, स्त्री-पुरुष समता यांच्या ओळीतच खाजगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धची क्रांती त्यांनी बसविली. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात गेले, तेही केवळ भाकरीसाठी गेले नव्हते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा स्वतःच्या जीवनासंबंधीचे निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य त्यात अंतर्भूत असल्याचे मानले.

मग स्वायत्तता म्हणजे नेमके काय? मनास येईल तसे वागणे, हा तिचा अर्थ नव्हे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर स्वायत्तता म्हणजे नकार देण्याची ऐपत. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणता येणार नाही. अमेरिकेतील गुलामगिरीविषयी फोगेल आणि एंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी 1974 साली एक वादग्रस्त ग्रंथ लिहिला. मळ्यांवरील गुलामांचे खाणेपिणे तत्कालीन स्वतंत्र मजुरांच्या तुलनेत फार वाईट नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्यांनीच नोंदविलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी अधिक मजुरी देऊ केली तरी मुक्त झालेली माणसे पूर्वीसारखी टोळीने, मुकादमाच्या हुकमतीखाली काम करावयास तयार होईनात. अमर्त्य सेन यांनी या उदाहरणाकडे पुढे आवर्जून लक्ष वेधले. भाकरी आणि स्वातंत्र्य यांत भाकरी आधी, हे गरिबांच्या वतीने सांगणाऱ्यांनी गरिबांना विचारलेले नसते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

नकाराची ऐपत नसली म्हणजे काय होते, ते मराठवाड्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कागदोपत्री या स्त्रियांची संमती असणार, अंगठा किंवा सही असणार. पण ज्या कामात एका दिवसाच्या खाड्याला दंड कापला जातो, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, कोपीशेजारी पाणी नाही आणि आडोसाही नाही, तिथे दिलेल्या संमतीला किती अर्थ आहे? 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे हे वेठबिगारीचे लक्षण मानले आहे. कायदा स्पष्ट आहे. तो फडापर्यंत मात्र पोचत नाही.

रोजगार हमीचा धडा

याच महाराष्ट्राने नकाराचे बळ देणारी एक व्यवस्था देशाला दिली, हेही विसरता कामा नये. 1972 च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना आकारास आली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. 2005 साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, त्याची प्रेरणा येथलीच. रोजगार हमीचे मोल तिने दिलेल्या मजुरीत मोजले जाते. तिचे खरे मोल याहून मोठे आहे. गावाजवळ हक्काचे काम मिळण्याची खात्री असेल तर मजूर जमीनदाराला ‘या दराने येणार नाही’ असे म्हणू शकतो आणि मुकादमाची उचल नाकारू शकतो. स्त्रीला पुरुषाइतकाच दर आणि तिच्या नावाने हजेरी, यामुळे घरातही तिच्या शब्दाला वजन येते. म्हणूनच या हक्काला कात्री लावण्याचा प्रत्येक प्रयत्न हा मजुराच्या स्वायत्ततेवरचा घाला आहे, असे समजून त्याला विरोध झाला पाहिजे.

उलट, स्वायत्ततेचा केवळ शब्द वापरून तिचा गाभा काढून घेण्याची युक्तीही प्रचारात आहे. याच भागातून पुण्या-मुंबईला गेलेला तरुण दुचाकीवरून घरपोच माल पोचवितो. त्याला कामगार म्हणत नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. तू तुझा मालक, असे त्याला सांगितले जाते. पण दर ठरविणारा दुसरा, काम देणारा दुसरा आणि एका रात्रीत काम बंद करणाराही दुसराच. अशा स्वायत्ततेत आणि अर्ध्या कोयत्याच्या स्वातंत्र्यात अंतर फारसे नाही.

शाळेतील मूल

शाळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण मुलाला संपूर्ण निर्णयाधिकार देता येत नाही, हे उघड आहे. पण निर्णय घेण्याची शक्ती अठराव्या वाढदिवशी अचानक उगवत नाही, ती लहानपणापासून वापरूनच वाढते. ज्या वर्गात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरतो, पाठ केलेले उत्तर हीच बुद्धी ठरते आणि छडीचा धाक हीच शिस्त ठरते, त्या वर्गातून बाहेर पडणारा तरुण पुढे मुकादमापुढे, पुढाऱ्यापुढे आणि साहेबापुढे मान खाली घालणार, यात आश्चर्य नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. या समित्यांची सभा किती गावांत खऱ्या अर्थाने भरते आणि किती ठिकाणी नुसते सह्यांचे पुस्तक फिरते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय, मुलींना एस. टी. चा मोफत पास, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण मुलीच्या बाबतीत त्या तिच्या लग्नाची तारीख पुढे ढकलतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. जिथे बस नाही, वसतिगृह नाही आणि आईबाप सहा महिने फडावर, तिथे बालविवाह प्रतिबंधाचा कायदा एकटा काय करणार?

नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ते उभारले. त्याला अनाथाश्रम असे नाव दिले नाही, यात एक दृष्टी आहे. अनाथ हा दयेचा विषय होतो. आपल्या घरात राहणारे मूल हे हक्काने राहते. मुलाला आसरा देताना त्याचा स्वाभिमान काढून घ्यावयाचा नाही, हे सूत्र प्रत्येक वसतिगृहाला आणि आश्रमशाळेला लागू आहे.

एक एकर जमीन

भूकंपाने घरे पाडली, तशी घरातील काही बंधनेही सैल केली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील पुनर्बांधणीत प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कधी चावडीवर न गेलेल्या स्त्रिया बांधकामाची देखरेख करू लागल्या, अधिकाऱ्यांना जाब विचारू लागल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच कामातून एक साधी मागणी पुढे आली. कुटुंबाच्या शेतीपैकी एक एकर किंवा अर्धा एकर स्त्रीकडे द्यावा आणि त्यात काय पेरावयाचे ते तिने ठरवावे. स्त्रियांनी त्यात कडधान्ये, ज्वारी-बाजरी, भाजीपाला पेरला. कमी पाण्यात घरची चूल पेटती राहिली आणि उरलेले बाजारात गेले. 2017 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा त्यातील अर्थशास्त्र लक्षात घ्यावे. त्याच स्त्रिया त्याच शेतात आधीही राबतच होत्या. श्रम तेच होते, जमीनही तीच होती. बदलले ते एवढेच, की पेरणीचा निर्णय तिचा झाला. एवढ्या फरकाने पीक बदलले, ताटातले अन्न बदलले आणि घरातले बोलणेही बदलले. अर्थात पेरण्याचा अधिकार हा मालकीचा अधिकार नव्हे. नवऱ्याच्या मर्जीने मिळालेला एकर त्याच्या मर्जीने परतही जाऊ शकतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. समाजवाद्यांचे त्यांच्याशी अनेक बाबतींत मतभेद होते, पण हे पाऊल योग्यच होते. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तरीही भावासाठी हक्कसोड करून देणे हे आजही चांगल्या बहिणीचे लक्षण समजले जाते. इथेही प्रश्न तोच आहे. जिला नकार देता येत नाही, तिच्या हक्कसोडीला त्याग म्हणावे काय?

अशा स्वायत्ततेने कुटुंब मोडेल, संघटना मोडेल, प्रत्येक जण आपापल्या वाटेने जाईल, असा आक्षेप घेतला जातो. अनुभव याच्या उलट आहे. भूकंपग्रस्त गावांतील स्त्रिया एकेकट्या उभ्या राहिल्या नाहीत, त्या मंडळांतून उभ्या राहिल्या. एकट्या मजुराचा नकार मुकादम सहज मोडतो, संघटित मजुरांचा मोडू शकत नाही. व्यक्तीच्या स्वायत्ततेला सामूहिक बळाचा आधार लागतो, आणि समूहालाही स्वतःच्या इच्छेने आलेली माणसेच टिकवून धरतात. हुकमाने जमविलेली गर्दी हुकूम संपला की पांगते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. ऊसतोडीचा करार पती आणि पत्नी यांच्याशी स्वतंत्रपणे व्हावा, स्त्रीची मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी. कारखान्याने मुकादमाआड न दडता मालकाची जबाबदारी पत्करावी. गावाजवळ हक्काचे काम मिळावे. सातबाऱ्यावर दोघांची नावे लागावीत. हंगामी वसतिगृहे हंगाम सुरू होण्याआधी उघडावीत. या मागण्यांसाठी मोर्चे निघतील, निवेदने दिली जातील. पण नळदुर्गच्या बाजारपेठेत स्त्रीमुक्तीवर भाषण करून घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, त्याच्या मुलीचे शिक्षण कोण ठरविते, आणि त्याच्या शाखेच्या सभेत तरुण सभासदाला पुढाऱ्याच्या ठरावाविरुद्ध हात वर करता येतो काय, याचे उत्तर मोर्चाने मिळणार नाही. ते त्याने स्वतःच द्यावयाचे आहे, आणि लोक त्याच्या भाषणाआधी ते पाहत असतात.