फार्मासिस्ट एकमेकांना का विचारतात?

१० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर तडकाफडकी बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञांकडून फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. लगोलग 'सारिडॉन'सह काही औषधांना न्यायालयाकडून तात्पुरता दिलासाही मिळाला. कायदेपंडितांसाठी हा चर्चेचा विषय असेल. दुकानात उभ्या असलेल्या फार्मासिस्टपुढचा प्रश्न मात्र साधा होता. समोरच्या चिठ्ठीतले औषध आज द्यायचे की नाही?

हे विचारायचे कोणाला? डॉक्टर दूरध्वनीवर सापडतीलच असे नाही. कंपनीचा प्रतिनिधी आपल्या मालाची वकिली करणार. औषध निरीक्षकाला विचारणे म्हणजे विकतचे दुखणे, अशी सार्वत्रिक भावना आहे. उरतो तो समव्यवसायी. आणि तोही बऱ्याचदा त्याच रस्त्यावरचा प्रतिस्पर्धी. तरीही विचारणा होते ती त्याच्याकडेच. आज एकाची अडचण, उद्या दुसऱ्याची, हा हिशेब त्यामागे आहेच. पण तेवढाच नाही.

शिक्षण आणि व्यवहार यांतील अंतर हे त्याचे मोठे कारण. औषधनिर्माणशास्त्र पदविकेचा १९९१ च्या नियमावलीनुसार ठरलेला अभ्यासक्रम बदलला तो थेट २०२० च्या नियमावलीने. मधल्या काळात नवी प्रतिजैविके आली, मधुमेहाची नवी औषधे आली. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' परिशिष्ट लागू झाले आणि त्यातील ४६ औषधांसाठी डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा यांची वेगळी नोंदवही ठेवणे, ती तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. नोंदी कशा करायच्या, हे कित्येकांनी नियमांच्या पुस्तकापेक्षा शेजाऱ्याची वही पाहूनच शिकून घेतले असणार.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. औषधविक्रेत्यांची संघटना बलाढ्य आहे. औषधांच्या ऑनलाइन विक्रीविरोधात तिने ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी बंद पुकारला. स्पर्धेला बाधा आणणाऱ्या अटींबद्दल स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये तिला दंडही केला होता. पण ही व्यापाऱ्यांची एकजूट. नफ्याची टक्केवारी हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. पगारावर काम करणाऱ्या फार्मासिस्टला त्यात फारसे स्थान नाही, आणि नोंदणी प्रमाणपत्र भाड्याने देऊन घरी बसणाऱ्याला तर कोणत्याच चर्चेची गरज भासत नाही. ज्ञानासाठी एकत्र येतो तो प्रत्यक्ष उभा राहून औषध देणारा. चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

शिवाय प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे. ग्राहक त्याला 'मेडिकलवाला' म्हणतो, डॉक्टर त्याच्याकडे दुकानदार म्हणून पाहतात. दोन औषधे एकत्र घेणे घातक ठरेल हे त्याने ओळखले, तरी त्याची दखल रुग्ण घेईलच असे नाही. समव्यवसायी मात्र घेतो. ही ओढ पैशात मोजता येणारी नाही, म्हणूनच ती बहुधा दुर्लक्षिली जाते.

अधिकृत व्यवस्था नाहीच, असेही नव्हे. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचे औषध माहिती केंद्र आहे. २०१५ च्या व्यवसाय नियमावलीने नोंदणी नूतनीकरणासाठी उजळणी वर्गांची अट घातली. पाच वर्षांत किमान एकेका दिवसाचे दोन वर्ग. सक्तीने भरलेल्या सभागृहात प्रमाणपत्र मिळते. रात्री नऊ वाजता चिठ्ठीवरचे अस्पष्ट अक्षर लावून देणारा सहकारी तेथे भेटला, तर तो योगायोगच.

ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्र औषधे बाद झाली. ती यादी घटकद्रव्यांच्या नावांची आहे. चिठ्ठ्यांवर मात्र सर्रास ब्रँडचीच नावे असतात.